पोटात हवा, आणि हिशेब लागेना

गुडघ्याची शस्त्रक्रिया ठरली होती. त्याआधी फिटनेससाठी ज्या पाच-सात तपासण्या करतात, त्यात छातीचा एक्स-रे होता. श्वास घ्या, धरून ठेवा, सोडा. मी बाहेर येऊन बाकावर बसले. एरवी 'झालं, जा' म्हणणारा तंत्रज्ञ आतून बाहेर आला आणि माझ्याकडे जरा निरखून बघत म्हणाला, "काकू, पोटात दुखतंय का?"

"पोटात? नाही. गुडघा दुखतोय."

"उलटी वगैरे?"

"नाही हो."

तो आत गेला, पुन्हा बाहेर आला. "अजून एक काढू या. पण आधी दहा मिनिटं ताठ बसा. मागे टेकू नका, आडवं होऊ नका."

ही दहा मिनिटं कशासाठी, ते मला दुसऱ्या दिवशी कळलं. पोटाच्या पोकळीत सुटी हवा असेल, तर ती वर चढून श्वासपटलाखाली, म्हणजे छाती आणि पोटाच्या मधल्या पडद्याखाली, जमायला थोडा वेळ लागतो. माणूस नुकताच आडवा झालेला असेल तर ती पसरलेली असते, फोटोत सापडत नाही. त्या पोराने घाईघाईत 'नॉर्मल' म्हणून पाठवलं असतं, तर पुढचं काहीच घडलं नसतं. किंवा ऑपरेशन टेबलवर घडलं असतं.

दुसऱ्या एक्स-रेत ते अधिकच स्पष्ट दिसलं. उजवीकडे यकृताचा पांढरा गोळा, त्याच्यावर श्वासपटलाची बारीक कमान, आणि दोघांच्या मध्ये काळी कोर. बीजेच्या चंद्रासारखी, फक्त काळी. डावीकडे तसं काळं दिसलं तर कुणी घाबरत नाही, तिथे जठर असतं आणि जठरात हवा असतेच. उजवीकडे यकृत आणि पडदा एकमेकांना चिकटून असायला हवेत. मधे जागा असण्याचं कारणच नाही.

काठी टेकत का होईना, पण स्वतःच्या पायांनी आलेली मी व्हीलचेअरवरून कॅज्युअल्टीत गेले. चालू नका म्हणाले. मला काहीही होत नव्हतं, हे मी वाटेत तीन जणांना सांगितलं.

ड्यूटीवरचे सर्जन तरुण होते आणि सरळ बोलणारे होते. पोटात मोकळी हवा दिसली की दहातल्या नऊ वेळा अर्थ एकच असतो, ते म्हणाले: जठर किंवा आतडं कुठेतरी फुटलंय. मग प्रश्न सुरू झाले. गुडघ्यासाठी पेनकिलर घेता? हो. किती दिवस? सहा-सात महिने. रोज? रोज. शुगर? चौदा वर्षं. प्रत्येक उत्तरासरशी त्यांचा चेहरा गंभीर होत गेला. पेनकिलरने जठराला अल्सर होतो, अल्सर फुटतो, आणि तीच पेनकिलर फुटल्याचं दुखणं झाकते. त्यात जुना मधुमेह. नसा बधिर झालेल्या असल्या तर पोटात आग लागली तरी वर कळत नाही. "तुमच्यासारख्या पेशंटचं पोट खोटं बोलू शकतं," ते म्हणाले. "तुम्हाला दुखत नाही, यावर मी विसंबू शकत नाही."

नंतर लेकीने त्यांच्यावर बराच राग काढला, 'कापायलाच बसले होते' म्हणून. मला ते पटत नाही. त्यांच्यासमोर जेवढे कागद होते, तेवढ्यावरून मीही तोच निष्कर्ष काढला असता.

फॉर्म आला. मी सगळी नोकरी हिशेब तपासण्यात काढली, वाचल्याशिवाय सही करायची सवय नाही. पोट उघडून पाहणे. गरजेप्रमाणे आतड्याचा भाग काढणे. गरजेप्रमाणे पोटावर शौचाची पिशवी. शस्त्रक्रियेनंतर व्हेंटिलेटर लागू शकतो. आणि वरच्या रकान्यात, निदान: पोटात मोकळी हवा. लेक म्हणत होती, आई सही कर, वेळ जातोय. मी डॉक्टरांना विचारलं, "हे निदान झालं की नोंद झाली? हवा आली कुठून, ते यात नाही."

ते चिडले नाहीत, हे त्यांचं मोठेपण. म्हणाले, "बरोबर आहे. ते उघडल्यावर कळेल." मग क्षणभर थांबून, "किंवा कळणारही नाही. माझ्या सरांना बोलावतो."

सर आले ते आधी माझ्याशी बोललेच नाहीत. बेसिनवर हात धुतले, पुसले, एकमेकांवर चोळून गरम केले. मग खुर्ची ओढून बसले आणि माझ्या पोटावर पूर्ण तळवा ठेवला, बोटं नाहीत. आणि बघत राहिले माझ्या तोंडाकडे. पोटाकडे नजरच नाही. खोका म्हणाले. खोकले. हळूच दाबून एकदम सोडलं. "आता दुखलं?" नाही. मग यकृताच्या जागी एक बोट ठेवून त्यावर दुसऱ्या बोटाने टिचक्या मारल्या. तिथे भरलेल्या डब्यासारखा बद्द आवाज यायचा असतो. माझ्याकडून रिकाम्या डब्याचा आला. तो मलाही ऐकू आला, आणि सकाळपासून पहिल्यांदा मी घाबरले. फोटोवर विश्वास बसला नव्हता, त्या आवाजावर बसला.

"हवा आहे," ते म्हणाले. "भरपूर आहे. पण पोट मऊ आहे. हवेची मला भीती नाही, आम्ही दुर्बिणीतून ऑपरेशन करताना पोटात मुद्दाम गॅस भरतो. हवा ज्या वाटेने आली त्या वाटेने आणखी काय येतंय, तो प्रश्न आहे."

त्यांनी रेसिडेंट डॉक्टरकडून एका कागदावर चार ओळी लिहून घेतल्या. नाडी शंभरच्या वर टिकून राहिली, ताप आला, पोट कडक झालं, किंवा रक्तातलं लॅक्टेट (पेशींना ऑक्सिजन कमी पडला की वाढतं ते) चढलं, तर यापैकी एकावरही चर्चा न करता थेट थिएटर. मी म्हटलं, मला मान्य आहे. फॉर्मवर सही केली आणि तो फाईलला लावून ठेवला. म्हणजे ऑपरेशन रद्द झालेलं नव्हतं. ते दारात उभं होतं.

मग सुरू झाली शोधाशोध. नाकातून जठरापर्यंत जाणारी रायल्स ट्यूब घातली. ती घशातून उतरताना 'गिळा, गिळा' म्हणतात, आणि गिळायला तोंडात थुंकीसुद्धा नसते. तोंडाने पाण्याचा थेंबही नाही. सलाईन, अँटिबायोटिक, आम्ल कमी करणारं औषध शिरेतून. रक्त चार नळ्या भरून घेतलं आणि मनगटातल्या धमनीतून वेगळं थोडं. हे दुसरं फार दुखतं, कुणी सांगत नाही म्हणून सांगते.

रेडिऑलॉजिस्टने आधी एक निरुपद्रवी शक्यता तपासली. कधीकधी मोठं आतडंच यकृत आणि श्वासपटलाच्या मधे घुसून बसतं आणि त्यातली हवा मोकळ्या हवेसारखी दिसते. डिमिट्रियस किलायडिटी नावाच्या डॉक्टरांनी १९१० मध्ये याचं वर्णन केलं, त्यांच्याच नावाने ते ओळखलं जातं. आतडं असेल तर त्या काळ्या भागात आतड्याच्या घड्यांच्या रेघा दिसतात. माझी कोर साफ होती, एकही घडी नाही. डाव्या कुशीवर झोपवून पुन्हा फोटो काढला, तर हवा सरकून यकृताच्या बाजूला आली. मोकळीच होती.

संध्याकाळी सीटी स्कॅन. त्याआधी नळीतून, फोटोत उठून दिसणारं औषधाचं पाणी सोडलं. ते पाण्यात विरघळणारं असतं. त्याच कामाचं बेरियम देत नाहीत, कारण खरंच भोक असेल आणि बेरियम पोटात सांडलं तर तेच मोठं संकट होतं. शिरेतून दुसरं औषध गेलं तेव्हा घशापासून ओटीपोटापर्यंत गरम लाट गेली.

रिपोर्टमध्ये लिहिलं होतं: पोटात बऱ्यापैकी मोकळी हवा. औषधाची गळती कुठेही नाही. पाणी किंवा पू साठलेला नाही. आतड्याला सूज नाही. हवेचं कारण स्पष्ट होत नाही.

लॅक्टेट नॉर्मल. पांढऱ्या पेशी नॉर्मल. नाडी ८४. जमेच्या बाजूला सगळं ठीक, खर्चाच्या बाजूला सगळं ठीक, आणि मधे ही एक रक्कम लोंबकळत होती, जिचं व्हाउचर कुठेच नव्हतं.

रात्री नऊच्या सुमारास रेसिडेंट मुलगी वही घेऊन बसली. माझ्या लेकीपेक्षा दहा वर्षांनी तरी लहान असेल. न फुटता हवा कुठून कुठून येऊ शकते, त्याची तिच्याकडे यादी होती. गेल्या महिन्यात पोटाचं ऑपरेशन? (ऑपरेशननंतर आत राहिलेली हवा आठवडाभर, कधी त्याहूनही जास्त टिकते.) दुर्बिणीने आतड्याची तपासणी? पोटातून डायलिसिस? पोटात बसवलेली अन्न देण्याची नळी? व्हेंटिलेटर? छाती दाबून कुणी शुद्धीवर आणलं होतं? जोराचा खोकला, दमा? नाही, नाही, नाही.

मग तिने वही जरा जवळ घेतली, लेकीला बाहेर पाठवलं आणि खाली बघून विचारलं, "काकू, खालून... म्हणजे योनीमार्गाची काही तपासणी, धुणं, किंवा संबंध...?"

मी एकसष्ट वर्षांची, नाकात नळी. हसू आलं तर नळी घशाला टोचली. पण तिने नीट समजावलं. बाईच्या शरीरात योनीपासून गर्भाशय आणि बीजनलिकेतून थेट पोटाच्या पोकळीपर्यंत वाट उघडी असते. पुरुषाला ती वाट नसते. त्या वाटेने हवा आत जाते आणि हा प्रश्न विचारायला लाज वाटली म्हणून बायकांची पोटं विनाकारण उघडली गेलेली आहेत. माझ्या वयाच्या बाईलाही जे माहीत नसतं, ते हिला पंचविशीत विचारायला लागत होतं. मी म्हटलं, "नाही गं. पण विचारलंस ते बरं केलंस." तेव्हापासून ती 'अगं' झाली.

आणि मग ती रात्र.

'नुसतं लक्ष ठेवायचं' हे शब्द ऐकताना वाटतं, पेशंट झोपणार, डॉक्टर झोपणार, सकाळी बघू. तसं नव्हतं. दर दोन तासांनी ती यायची. नाडी, ताप, रक्तदाब, लघवी किती झाली, आणि मग पोटावर हात. तोच तळवा, त्याच क्रमाने: डावीकडे खाली, डावीकडे वर, उजवीकडे वर, उजवीकडे खाली, शेवटी मध्ये. तापमान आणि पोट, दोन्ही एकाच ओळीत लिहायची. दुखणं झाकलं जाऊ नये म्हणून मला गुडघ्याची पेनकिलरही बंद होती, त्यामुळे पोट सोडून गुडघाच रात्रभर ठणकत होता. तीन वाजता ती आली तेव्हा मी म्हटलं, "अगं, दुसऱ्या कुणाला पाठव, तू झोप." ती म्हणाली, "दुसऱ्याला तुमचं आधीचं पोट माहीत नाही ना."

सकाळी आठला तिची ड्यूटी बदलली तेव्हा मी एक गोष्ट पाहिली. ती आणि नवा आलेला मुलगा, दोघे माझ्या दोन बाजूंना उभे राहिले. आधी तिने दाबलं, मग तिथेच त्याने दाबलं. "हे मऊ." "हे मऊ." "इथे थोडं ताणलेलं, पण ते काल दुपारपासून तेवढंच आहे." "हं, कळलं." वहीत 'पोट मऊ' हे दोन शब्द असतात, पण एकाचं मऊ आणि दुसऱ्याचं मऊ सारखं कशावरून? आमच्याकडे रोकड हातात देताना दोघांनी मिळून मोजायची पद्धत होती, अगदी तीच.

पण त्याच्या आधी, पहाटे पाचला, खरा प्रकार घडला.

मला घाम फुटला. हात थरथरायला लागले. सिस्टर धावली. माझ्या मनात त्या चार ओळींचा कागद. गेलं, फुटलं काहीतरी. बोटाला टोचून शुगर पाहिली तर ६८. आदल्या सकाळची मधुमेहाची गोळी अजून अंगात आणि तोंडाने काहीच नाही. सिस्टर ग्लुकोजचं इंजेक्शन भरायला गेली तेवढ्यात मी अर्धवट ग्लानीत म्हणाले, "माझ्या पर्समध्ये ग्लुकोजची पुडी आहे." शिरेतून ग्लुकोज गेलं, पाच मिनिटांत मी माणसात आले. रेसिडेंट तोवर पोट तपासून झाली होती. मऊच. ती पुडी हातात घेऊन उभी होती.

"काकू, सगळे साखर ठेवतात, किंवा गोड गोळ्या. तुम्ही खास ग्लुकोजच का ठेवता?"

"डॉक्टरांनी सांगितलं होतं. म्हणाले, या गोळीवर असताना शुगर उतरली तर साखर खाऊन लवकर चढत नाही, ग्लुकोजच लागतं."

ती एकदम थांबली. "गोळीचं पाकीट आहे?"

पाकीट पर्सच्या आतल्या कप्प्यात होतं. फाईलमध्ये माझ्या औषधांपुढे 'मेटफॉर्मिन' एवढंच लिहिलं होतं. कारण कॅज्युअल्टीत मला विचारलं तेव्हा मी 'शुगरची गोळी, ती नेहमीची' म्हणाले, आणि ज्याने लिहिलं त्याने नेहमीची म्हणजे कोणती ते स्वतःच भरलं. पाकिटावर मोठ्या अक्षरांत कंपनीचं नाव आणि खाली, डोळे बारीक करून वाचावी लागतील अशी तीन नावं. ग्लिमेपिराइड १ मिलिग्रॅम. मेटफॉर्मिन ५०० मिलिग्रॅम. व्होग्लिबोज ०.२ मिलिग्रॅम. तिने शेवटच्या नावावर नख ठेवलं. पाकिटावरचा सगळ्यात छोटा आकडा.

ते काय करतं, हे तिने मला तिथेच उभ्या उभ्या सांगितलं. पिष्ट आणि साखर आतड्यात तोडली जाते तेव्हा शुगर चढते. व्होग्लिबोज आणि त्याचा भाऊबंद अकार्बोज ही तोडणारी विकरं अडवतात. म्हणून साखर खाऊन उपयोग नसतो, तीही तुटायला लागते, आणि ग्लुकोज मात्र आधीच सुटं असतं. आता न तुटलेला माल पुढे मोठ्या आतड्यात जातो. तिथले जिवाणू त्याच्यावर तुटून पडतात आणि गॅस करतात. या औषधाने पोट फुगतं, वारा सरतो, हे सगळ्यांना माहीत आहे. मलाही गेली दोन वर्षं होत होतं आणि मी ते वयावर ढकललं होतं. क्वचित एखाद्याच्या बाबतीत तो गॅस आतड्याच्या भिंतीत शिरतो आणि तिथे बुडबुडे होऊन बसतो.

तिने रेडिऑलॉजिस्टला फोन करून कालचाच सीटी पुन्हा उघडायला लावला. नवा स्कॅन नाही, तीच चित्रं, फक्त फुफ्फुस बघताना लावतात त्या सेटिंगवर. पोट बघायच्या नेहमीच्या सेटिंगवर चरबीही काळपट आणि हवाही काळी, त्यामुळे भिंतीतला बारीक बुडबुडा चरबीत हरवून जातो. फुफ्फुसाच्या सेटिंगवर हवा तेवढी वेगळी उठून दिसते. दुपारी सरांनी ते चित्र मला लॅपटॉपवर दाखवलं. उजवीकडच्या मोठ्या आतड्याची भिंत, आणि तिच्यात ओळीने फुगे. काचसामान गुंडाळायचं ते फुग्याफुग्यांचं प्लास्टिक असतं ना, तसं. त्यातला बाहेरच्या बाजूचा एखादा फुगा फुटला की हवा पोटात येते. पण आतल्या बाजूचं अस्तर शाबूत असतं, म्हणून हवेमागून घाण येत नाही. न्यूमॅटोसिस सिस्टॉइडिस इन्टेस्टिनॅलिस. नाव रोगापेक्षा जड आहे.

मला वाटलं, आता नळी काढतील. सर म्हणाले, "घाई नको. भिंतीतली हवा दोन प्रकारांत दिसते. एक हा. दुसरा, रक्तपुरवठा तुटून आतडं मरत असतं तेव्हा. चित्र तेच, अर्थ उलटा." म्हणून त्यांनी आतड्याच्या रक्तवाहिन्या भरल्या आहेत ना, यकृताच्या शिरेत हवा नाही ना, हे रेडिऑलॉजिस्टबरोबर बसून पाहिलं आणि लॅक्टेट दर सहा तासांनी चालू ठेवलं. ते १.२ च्या आसपास राहिलं. अल्सरची शक्यताही त्यांनी खोडली नाही. लहान भोक पोटातल्या चरबीच्या पदराने आपोआप झाकलं जाऊ शकतं. हर्मन टेलर या सर्जननी १९४६ मध्येच फुटलेल्या अल्सरचे पेशंट न कापता, नळी घालून आणि लक्ष ठेवून बरे केल्याचं मांडलं होतं. मग जठरात दुर्बीण घालून बघा की, मी म्हटलं. "दुर्बिणीतून हवा मारावी लागते. मिटलेलं भोक असलं तर मीच ते उघडायचो." म्हणून तीही नंतर.

संशयित दोन आणि उपचार दोघांवर, असं ते चाललं. माझ्या स्वभावाला हे अवघड गेलं. एक नाव पक्कं करा आणि दुसरं खोडा, असं सारखं वाटायचं.

ती गोळी बंद झाली, इन्सुलिन सुरू झालं. गॅस करणाऱ्या जिवाणूंसाठी मेट्रोनिडॅझोल. त्याने तोंडात जी नाणं चोखल्यासारखी चव येते, ती औषध बंद झाल्यावरही दोन दिवस गेली नाही. आणि ऑक्सिजन. माझं ऑक्सिजन ९८ टक्के असताना मास्क का लावताय, म्हणून शेजारच्या पेशंटच्या नातेवाइकांनी लेकीला दोनदा विचारलं. कारण वेगळं होतं. आपण जी हवा घेतो तिच्यात ७८ टक्के नायट्रोजन असतो आणि तो रक्तातही भरलेला असतो. जास्त ऑक्सिजन ओढला की रक्तातला नायट्रोजन कमी होतो. मग बुडबुड्यातला वायू जास्तीकडून कमीकडे, भिंतीतून रक्तात आणि तिथून फुफ्फुसावाटे बाहेर निघून जातो. मला हे फार आवडलं. पोटातली हवा नाकावाटे काढायची, तीही कुठेही न टोचता. मास्क मात्र नाही आवडला. नाक कोरडं पडायचं, नाकाच्या दांड्यावर वळ उठला. सलग फार वेळ जास्त ऑक्सिजन दिला तर फुफ्फुसांना त्रास होतो म्हणून मधेमधे काढायचे, त्या वेळांची मी वाट बघत असे.

तिसऱ्या दिवशी नळी निघाली. चौथ्या दिवशी पाण्याचे घोट, पाचव्या दिवशी पातळ आहार. प्रत्येक पायरीनंतर पुन्हा तो तळवा. एक सिस्टर मला सतत 'आजी' म्हणायची, ते सोडलं तर तक्रार नाही. सातव्या दिवशी एक्स-रेत कोर होतीच, पण बारीक झालेली. मी विचारलं, ही असताना घरी कशी सोडता? सर म्हणाले, "मी तिला घरी सोडत नाहीये, तुम्हाला सोडतोय." आठव्या दिवशी सुट्टी झाली.

घरी सोडताना दोन गोष्टी मिळाल्या. एक, विमानप्रवास बंद. वर गेल्यावर विमानातला दाब जमिनीपेक्षा कमी असतो, आणि बंद जागेतली हवा त्या प्रमाणात फुगते. दुसरी, एक पत्र. उद्या मी कुठे चक्कर येऊन पडले, दुसऱ्या दवाखान्यात एक्स-रे निघाला आणि ती कोर दिसली, तर तिथले लोक पुन्हा तोच फॉर्म पुढे करणार. पत्रात निदान होतं, औषधाचं नाव होतं, ते पुन्हा देऊ नये असं होतं, आणि हवा दिसली तरी आधी पोट तपासून सीटी फुफ्फुसाच्या सेटिंगवर पाहावा असं होतं. शेवटची ओळ सरांनी टाइप केलेल्या मजकुराखाली पेनने लिहिली होती: 'पोट कडक असेल किंवा ताप असेल, तर या पत्राकडे दुर्लक्ष करून ऑपरेशन करावे.'

सहा आठवड्यांनी सीटी. भिंतीत दहा-बारा बुडबुडे उरले होते, बाहेर केसाएवढी रेघ. त्यानंतर जठराची दुर्बीण झाली. पेनकिलरने झालेलं थोडं ओरखडल्यासारखं होतं, पण अल्सर नाही आणि भरलेल्या अल्सरचा वणही नाही. सरांनी तेव्हा कुठे फाईलमधला दुसरा संशयित खोडला, माझ्यासमोर, पेनने रेघ मारून. मोठ्या आतड्याची दुर्बीण मात्र त्यांनी मुद्दाम पुढे ढकलली. ते बुडबुडे आतून गोलसर उंचवट्यांसारखे दिसतात, कुणी पॉलिप, म्हणजे आतड्यातली मांसल गाठ, समजून कापायला जातं, म्हणून ते जाईपर्यंत थांबू म्हणाले.

चार महिन्यांनी एक्स-रे कोरा आला आणि गुडघ्याची तारीख पुन्हा मिळाली. आदल्या दिवशी भूलतज्ज्ञ भेटायला आले. मी पत्र पुढे केलं. त्यांनी ते दोनदा वाचलं आणि म्हणाले, कमरेतूनच भूल देतो, पण पूर्ण भूल द्यायची वेळ आली तरी नायट्रस ऑक्साइड वापरणार नाही. तो वायू शरीरातल्या बंद हवेच्या जागांत भराभर शिरतो आणि त्या फुगवतो. "एक्स-रे स्वच्छ आहे," मी म्हटलं. "हो," ते म्हणाले, "पण बारीक बुडबुडा एक्स-रेत दिसत नाही." आणि माझ्या औषधांच्या यादीशी एकेक पाकीट जुळवून पाहायला लागले. प्रत्येकाच्या मागची बारीक अक्षरं, शेवटच्या नावापर्यंत.

गुडघा आता वाकतो. जिना उतरताना अजून कठडा धरावा लागतो.